अडलेली म्हैस आणि शिकाऊ हात

माण तालुक्यात पशुवैद्यक म्हणून माझी पहिली नेमणूक झाली 1988 साली. रुजू होऊन अडीच महिने झाले असतील. सकाळी सातला एक शेतकरी सायकल दामटत दवाखान्यात आला. म्हैस आदल्या दुपारपासून ऊठबस करते, शेपटी उडवते, चाऱ्याला तोंड लावत नाही. पण पाणमोट, म्हणजे गर्भाभोवतीची पाण्याची पिशवी, काही दिसत नाही. मी गेलो. साबण लावून हात घातला. वाट अरुंद लागली, हात पुढे सरकेना. मनाशी म्हटलं, गर्भाशयाचं तोंड अजून उघडलेलं नाही. कळांचं इंजेक्शन दिलं, 'संध्याकाळी बघू' म्हणालो आणि निघून आलो. संध्याकाळी म्हैस आडवी, कान गार. मध्यरात्रीनंतर गेली.

गर्भाशयाला पीळ पडला होता. गायींपेक्षा म्हशींमध्ये ही अडचण फार, आणि पीळ असताना कळांचं इंजेक्शन म्हणजे बंद दारावर गर्दी ढकलण्यासारखं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत यावरच प्रश्न आला होता आणि मी तीन पानं लिहिली होती. फळी ठेवून म्हैस कशी लोळवायची याची आकृतीही काढली होती, बाण दाखवून. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की पीळ हाताला कसा लागतो. तो लागतो पिळून ठेवलेल्या ओल्या धोतरासारखा. घड्या तिरक्या पडलेल्या असतात आणि त्यांच्या मागे गेलं की मनगट आपसूक एका बाजूला वळायला लागतं. वीस सेकंदांत कळण्यासारखी गोष्ट आहे. पण ती त्याआधी एकदा तरी, सांगणारा शेजारी उभा असताना, हाताने चाचपलेली असावी लागते.

हे इतक्या वर्षांनी उकरून काढायचं कारण परवाची आमच्या गावची ग्रामसभा. रस्ता, पाणी, स्मशानभूमीची शेड हे नेहमीचे विषय आटोपल्यावर एक जण उठला. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कॉलेजची शिकाऊ पोरं आली आहेत, ती आमच्या जनावरांना हात लावतात, सुया टोचतात. 'शिकायला आमचीच जनावरं सापडली का?' असं त्याने विचारलं. लोकांनी माना डोलावल्या. मी निवृत्त माणूस, कोपऱ्यात बसलो होतो. मला उत्तर येत होतं, पण तिथे दोन वाक्यांत देता आलं नाही. म्हणून लिहितोय.

प्रश्न रास्त आहे, हे आधी कबूल करतो. माणसांच्या सरकारी इस्पितळातही शिकाऊ डॉक्टर असतात आणि तिथेही गरिबाच्याच अंगावर हात बसतो. पण जनावराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. आज दुधाची चांगली म्हैस लाखाच्या पुढे जाते. ज्याच्या दावणीला एकच आहे त्याचं ते बँकेतलं खातं, पोरीच्या लग्नाची तयारी आणि रोजचा चहा, सगळं तिच्यातच. तिच्यावर प्रयोग होतो आहे असं नुसतं वाटलं तरी माणूस घाबरणारच. जनावर स्वतः तर काही बोलूच शकत नाही.

मग उत्तर काय? शिकाऊ हात कधी ना कधी, कुणाच्या ना कुणाच्या जनावरावर पडणारच आहे. त्याला पर्याय नाही. आपल्याला एवढंच ठरवता येतं, की तो पडेल तेव्हा शेजारी जाणता माणूस असेल की नसेल. माझ्या वेळी नव्हता. त्या शेतकऱ्याच्या म्हशीवर मी शिकलोच; फक्त पदवी घेऊन, सरकारी शिक्क्यानिशी, एकटा शिकलो. त्या माणसाने मला 'शिकाऊ' म्हटलं नाही, 'डॉक्टरसाहेब' म्हटलं. पण तेवढ्याने म्हैस वाचली नाही.

आता थोडं या शिक्षणाच्या रचनेविषयी. बीव्हीएस्सी, म्हणजे पशुवैद्यकाची पदवी, हा साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या 2016च्या नियमांनुसार साडेचार वर्षं वर्ग आणि प्रयोगशाळा, आणि त्यानंतर पुरं एक वर्ष इंटर्नशिप. मराठीत 'आंतरवासिता' म्हणतात. हा शब्द मी तीस वर्षं फायलींवर लिहिला, तोंडाने एकदाही उच्चारला नाही. प्रवेश नीटच्या गुणांवर. नीटच्या प्रश्नपत्रिकेत भौतिक, रसायन, जीवशास्त्र असतं. म्हशीच्या कुठल्या बाजूने जवळ जावं हे नसतं. त्यामुळे वर्गात आज अशी कितीतरी मुलं असतात ज्यांनी अठराव्या वर्षापर्यंत दाव्याची गाठ मारलेली नाही. यात त्यांचा दोष नाही, आणि शहरातल्या मुलांनी येऊ नये असंही मी म्हणत नाही. माझ्या हाताखाली आलेल्या दोन सर्वांत चांगल्या विद्यार्थ्यांपैकी एक ठाण्याच्या सोसायटीत वाढलेला होता. पण मग त्या एका वर्षावर केवढा भार येतो ते बघा. साडेचार वर्षांत जे पुस्तकातून डोक्यात गेलं ते सगळं हातात उतरवायला बारा महिने.

ते बारा महिने जातात कुठे? कागदावर फार सुंदर वाटणी असते. काही दिवस दवाखाना, काही दिवस गोठा-प्रक्षेत्र, काही कुक्कुटपालन, काही दूधसंघ, काही सरकारी यंत्रणा. प्रत्यक्षात बरेच दिवस सहीपुरते. मुलगा सकाळी येतो, हजेरीपटावर सही करतो, अकराला खोलीवर जाऊन पदव्युत्तर प्रवेशाच्या किंवा एमपीएससीच्या अभ्यासाला बसतो. कार्यपुस्तिका शेवटच्या आठवड्यात एकाच पेनाने भरली जाते. मी स्वतः अशा वह्यांवर सह्या केल्या आहेत, ते लपवत नाही. एका वहीत एकाच विद्यार्थ्याने एका महिन्यात सोळा अडलेल्या गायी सोडवल्याची नोंद होती. माझ्या सगळ्या तालुक्यात त्या महिन्यात तेवढ्या अडल्या नव्हत्या.

दुसरा मार्ग म्हणजे त्यांना हमाल करून टाकायचं. कानातल्या बिल्ल्याची मोहीम आली, बारा अंकी क्रमांक संगणकावर चढवायचे आहेत, लावा पोरांना. 2022 साली लम्पी हा गुरांचा चर्मरोग आला. गायीच्या अंगावर गाठी, पायाला सूज, कासऱ्याने धरवत नाही अशी तगमग. राज्यभर शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचायचं काम निघालं आणि तेव्हा खात्याला हे विद्यार्थी आठवले. त्यांनी ते काम चोख केलं, चिखलातून वाड्यावस्त्यांवर फिरले. मला त्यांचा अभिमान आहे. पण दिवसाला शंभर-दीडशे सुया टोचून विद्यार्थी एकच गोष्ट शिकतो, सुई टोचणं. ती तर तो पहिल्याच दिवशी शिकला. साथ ओसरल्यावर त्यांना कोणी विचारलं नाही, की बाबांनो, त्यातली किती जनावरं तुम्ही आजारी असताना तपासलीत, ताप मोजलात, गाठीच्या जखमेत अळ्या पडलेल्या साफ केल्यात?

कृषी पदवीच्या मुलांचं याच्याशी मिळतंजुळतं एक प्रकरण आहे, ते टाळून पुढे जाता येत नाही. ग्रामीण कृषी कार्यानुभव नावाचा त्यांचा गावातला मुक्काम असतो. जिल्हा आवृत्तीच्या आतल्या पानावर दर पावसाळ्यात बातमी येते, 'कृषीदूतांकडून जनावरांचे लसीकरण', 'कृषिकन्यांनी दिले चारा प्रक्रियेचे प्रात्यक्षिक'. फोटोत एक फलक, त्यामागे सात-आठ पांढरे शर्ट, सरपंच, मुख्याध्यापक आणि एका टोकाला मान फिरवलेली गाय. सिरिंज एकाच्या हातात असते आणि ती धरण्याची पद्धत पाहिली की कळतं, फोटोनंतर ती कोणी तरी काढून घेतली. या मुलांची चेष्टा करायची नाही. गावात राहायला येतात हेच मोठं आहे. पण 'कार्यानुभव' या शब्दातलं कार्य फोटोपुरतं उरलं की अनुभवही तेवढाच उरतो. पशुवैद्यक विद्यार्थ्याचं तसं होऊ द्यायचं नसेल तर वर्ष दिवसांनी मोजणं बंद करायला हवं.

मोजायचं ते हातांनी. इतके दिवस दवाखाना, असं नव्हे. इतक्या गाभण तपासण्या, ज्यातल्या इतक्या पुढे बरोबर निघाल्या. इतक्या अडलेल्या मादींमध्ये हात घातला. दुग्धज्वराने आडव्या झालेल्या इतक्या गायींना शिरेतून कॅल्शियम दिलं, आणि देताना दुसऱ्याने छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ठोके ऐकले, कारण घाईने दिलं तर हृदय थांबतं. पोटफुगीत नळी घातली. जार अडकलेल्या इतक्या गायी पाहिल्या आणि त्यातल्या इतक्यांना ओढाताण न करता सोडून दिलं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. काहीतरी करून दाखवण्याचा मालकाचा दबाव असतो. हात न घालणं हेही शिकावं लागतं. आणि प्रत्येक नोंदीपुढे मालकाचा फोन क्रमांक असावा, म्हणजे सही करणाऱ्याला खरंखोटं विचारता येईल. सोळा अडलेल्या गायी आपोआप तीनवर येतील.

एक प्रसंग सांगतो. निवृत्तीच्या आधीचा शेवटचा हिवाळा. माझ्याकडे तेव्हा दोन इंटर्न होत्या, दोघी मुली. माझ्या वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. माझ्याकडे येणाऱ्या तुकड्यांत आता निम्म्याहून अधिक असतात. रात्री साडेनऊला फोन आला. पंढरपुरी म्हैस, तिसरं वेत, दुपारपासून कळा. गोठ्यात एकच बल्ब, तोही धुराने पिवळा पडलेला. मालक, त्याचा म्हातारा बाप, शेजारचे चौघे. दोघींपैकी एकीकडे बोट दाखवून मी मालकाला म्हणालो, 'ही शिकाऊ डॉक्टर आहे. आधी हात ती घालेल, मी इथेच उभा आहे, आणि तिच्यानंतर मीही बघणार आहे. चालेल का?' तो गप्प. म्हातारा म्हणाला, 'पोरीचं काम हाय का ह्ये?' मी म्हणालो, 'आबा, म्हशीला हात बारीकच बरा.' ते हसले. परवानगी मिळाली असं मी धरलं.

तिने खांद्यापर्यंत हातमोजा चढवला, साबणाचं पाणी लावलं. शेपटी बाजूला धरायला मालकाला सांगितलं; हे मी न सुचवता तिने केलं, मला बरं वाटलं. हात कोपरापर्यंत गेला आणि थांबला. मी काहीच बोललो नाही. बोलायचं नाही हे मार्गदर्शकाचं अर्धं काम. तिचा चेहरा बल्बच्या बाजूला वळलेला, डोळे मिटलेले. मिनिटभराने म्हणाली, 'सर, वाट बंद वाटतेय.' तेच. 1988 साली मलाही हेच वाटलं होतं. मी म्हणालो, 'बंद आहे की वळलीय? घडीवर बोट ठेव आणि घडी नेईल तिकडे जा.' पुन्हा गप्प. मग तिचा खांदा हळूहळू खाली झुकला, उजवीकडे, आणि ती डोळे उघडून एवढंच म्हणाली, 'उजवा पीळ.' मी हात घालून पाहिला. उजवाच होता.

मग बाकीचं रीतीप्रमाणे. पुढचे दोन पाय एकत्र, मागचे दोन एकत्र बांधले, म्हैस उजव्या कुशीवर पाडली, गोठ्याच्या दारातली लांब फळी पोटावर ठेवली, एक जण फळीवर तोल सांभाळून उभा, आणि पिळाच्याच दिशेने म्हशीला लोळवलं. लोकांना हे उलटं वाटतं. पीळ सोडायचा तर उलट दिशेने फिरवायला नको का? पण फळी आतला गर्भ जागेवर धरून ठेवते आणि शरीर फिरून त्याला गाठतं. दुसऱ्या लोळवणीनंतर तिने हात घातला आणि आतलं पाणी भसकन बाहेर आलं, तिच्या बुटांवर, माझ्या पँटवर. वगार जन्मली, जिवंत. मला तिच्या जन्मापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ही मुलगी आता राज्यात कुठल्याही दवाखान्यात एकटी बसली तरी कळांचं इंजेक्शन भरायच्या आधी तिचं बोट घडी शोधेल.

हे सगळं त्या मालकाच्या म्हशीवर शिकली. मग ग्रामसभेतल्या त्या गृहस्थाला काय सांगायचं? की त्या म्हशीला त्या रात्री एकाऐवजी दोन डॉक्टर मिळाले. एक शिकाऊ, एक जुना. शिकाऊ नसती तर जुनाही आला असता की नाही, शंका आहे. साठीला टेकलेला अधिकारी रात्री साडेनऊला 'सकाळी बघू' म्हणण्याचीच शक्यता जास्त. शेजारी डोळे चमकवणारं पोर बसलेलं असलं की लाजेकाजेस्तव उठावं लागतं. हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो, इतरांवर टीका म्हणून नव्हे.

आणखी एक खरं सांगायला हवं. शिकाऊ पोराला नाही म्हणणारा शेतकरी कुणाला हो म्हणतो? बऱ्याचदा गावातल्या अशा माणसाला, ज्याच्याकडे नोंदणीकृत पदवी नाही, पण मोटारसायकल आहे आणि डिकीत सलाईनची बाटली आहे. 1984च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देण्याची वाट ठेवली आहे. देखरेख किती होते ते गावाला ठाऊक. मी त्या माणसाला दोष देत नाही; तो रात्री येतो, उधार ठेवतो, आणि त्याचा हात खूप जनावरांत फिरलेला असतो. पण त्याला कोणी चूक दाखवलेली नसते. चाळीस वर्षं तीच चूक तो सफाईने करतो. अनुभव म्हणून आपण ज्याच्यावर विश्वास टाकतो तो बहुतेक वेळा देखरेख नसलेला शिकाऊपणाच असतो.

शिकणाऱ्याच्या बाजूनेही एक हिशेब आहे. या मुलांना मिळणारं विद्यावेतन इतकं तुटपुंजं, की तालुक्याच्या गावी खोली, खानावळ आणि पेट्रोल यांतच ते संपतं. त्यासाठी त्यांना आंदोलनाला बसावं लागलं आहे. वर राहायची सोय नाही. मग मुलगा कॉलेजच्या जवळपासची नेमणूक मिळवतो किंवा पुण्या-मुंबईत कुत्र्यामांजरांच्या खासगी दवाखान्यात वर्ष काढतो. तिथे पंखा आहे आणि पुढे पैसाही आहे. त्याला 'गावाची ओढ नाही' असं आपण म्हणतो. ओढ पोट भरल्यावर लागते.

आणि जिवाचा धोका. लाथ ही त्यातली सर्वांत प्रामाणिक, ती दिसते. न दिसणारे दोन सांगतो. गाय लाळ गाळते, गिळत नाही, मालक म्हणतो घशात काहीतरी अडकलंय, बघा जरा. नवखा मुलगा उत्साहाने हात तोंडात घालतो. ती गाय पिसाळलेली असू शकते. रेबीजची गाय पुष्कळदा अशीच दिसते. दुसरा धोका ब्रुसेलाचा, म्हणजे जनावर गाभडवणाऱ्या जंतूचा. गाभडलेल्या गायीचा जार उघड्या हातांनी हाताळला की माणसाला महिनोन्महिने ताप आणि सांधेदुखी. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात देतात ती ब्रुसेलाची लस जिवंत जंतूंची असते. सुई चुकून स्वतःच्या बोटात गेली तरी आजार होऊ शकतो. विद्यार्थी गोठ्यात उतरण्याआधी त्याला रेबीजच्या प्रतिबंधक लसी दिल्याच पाहिजेत, आणि खांद्यापर्यंतचे हातमोजे त्याने स्वतःच्या पैशाने आणावेत अशी वेळ येता कामा नये. माझ्याकडे आलेल्या पोरांनी ते स्वतःच आणले होते. एकाने तर धुऊन पुन्हा वापरले.

परदेशात काय करतात हे सांगायची आपल्याकडे खोड आहे; मीही एकदाच लावून घेतो. ब्रिटनमध्ये कित्येक वर्षं असा नियम होता, की पशुवैद्यक विद्यार्थ्याने सुट्ट्या मिळून 38 आठवडे कॉलेजबाहेर काम करायचं आणि त्यातले सुरुवातीचे 12 निव्वळ पशुपालनाचे. इंजेक्शन नाही, औषध नाही. वसंतात मेंढ्या विताना मेंढपाळाबरोबर रात्र काढायची, शेण ओढायचं, दूध काढायचं. तिथल्याच सारा बेली या पशुवैद्यक बाईंनी 'हॅप्टिक काउ' नावाचं यंत्र बनवलं, ज्यात गाईच्या आत हात घातल्यावर काय जाणवतं ते विद्यार्थ्याला यंत्रावरच चाचपता येतं. हे यंत्र आपल्या प्रत्येक महाविद्यालयात असावं असं मला मनापासून वाटतं. कॉलेजच्या त्याच चार गायींना वीस-वीस विद्यार्थ्यांनी एकामागून एक हात घालायचा, ही त्या गायींची विटंबना आम्ही खूप केली. पहिले पन्नास हात यंत्रावर जाऊ देत.

पण ते 12 आठवडे मात्र आपल्याकडे यंत्राशिवायही जमतील. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणाऱ्या धनगरांच्या वाड्याबरोबर, म्हणजे कळपासकटच्या फिरत्या बिऱ्हाडाबरोबर, पंधरा दिवस पाठवा. मेंढी आजारी आहे हे धनगर तिला हात न लावता, कळपात मागे पडायच्या आधी ओळखतो. चालीवरून, कानांवरून, रवंथ थांबण्यावरून. निदान म्हणजे हेच; तापमापी नंतर येते. किंवा म्हसवड, सांगोल्याच्या एखाद्या गोठ्यात पहाटे चारला धार काढायला बसवा. सडाला बोटं लावलेली असली की कासदाह सुरू होतोय हे दुधाची गुठळी दिसायच्या आधी बोटांना कळतं. 2012-13च्या दुष्काळात आमच्या भागात चारा छावण्या पडल्या होत्या, एकेका माळावर जनावरं हजारांनी. रोज कुठली तरी गाय विते, कुठली तरी फुगते, कुठली तरी पाय मोडते. एवढं मोठं शिकवणारं इस्पितळ पुन्हा मिळणार नाही असं मला तेव्हा वाटलं. विद्यार्थी पाठवा म्हणून मी वरिष्ठांना लिहिलं होतं. उत्तर आलं, की सत्र परीक्षा जवळ आल्या आहेत.

मुंबईतल्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा इतिहास इथे आठवतो. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ आधी उभं राहिलं आणि त्याला जोडून 1886 साली महाविद्यालय सुरू झालं. आधी दुखणाईत जनावर, मग वर्ग. आता राज्यात नवी पशुवैद्यक महाविद्यालयं मंजूर होत आहेत. बातम्यांमध्ये एकर आणि कोटी येतात. त्या परिसरात महिन्याला किती जनावरं उपचाराला येतील हा आकडा मला कुठल्या बातमीत दिसलेला नाही.

सगळ्यात अवघड आक्षेप मी मुद्दाम शेवटी ठेवला. मार्गदर्शक आणायचे कुठून? दवाखान्यांतली पदं रिकामी, एकेका पशुधन विकास अधिकाऱ्याकडे दोन-दोन, तीन-तीन ठिकाणचा भार. त्याने शिकवायचं कधी? शिवाय शिकवल्याबद्दल त्याला मिळतं काय? माझ्या गोपनीय अहवालात कृत्रिम रेतनाचं उद्दिष्ट होतं, लसीकरणाचं होतं; किती मुलं हाताखाली तयार केली याचा रकाना नव्हता. याला माझ्याकडे संपूर्ण उत्तर नाही. अर्धं आहे. सहकारी दूधसंघांकडे रात्रीअपरात्री गोठ्यावर जाणारे पशुवैद्यक आहेत आणि त्यांच्याकडे येणारी जनावरं सरकारी दवाखान्यापेक्षा कितीतरी अधिक. विद्यापीठाने त्यांच्याशी करार करून त्यांना शिकवण्याचं मानधन द्यावं. निवृत्त अधिकारी आहेत, माझ्यासारखे, ज्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला असला तरी हातांनी दिलेला नाही. आणि नुकसानभरपाईचा छोटा निधी हवा. देखरेखीखालच्या विद्यार्थ्याच्या हातून जनावर दगावलं तर पंचनामा, बैठका, अहवाल न करता मालकाला आठवड्यात पैसे मिळाले पाहिजेत. 'शिकायला आमचीच सापडली का' या प्रश्नाला भाषणापेक्षा हे उत्तर बरं. जोखीम समाजाने शिकण्यासाठी घेतली असेल तर तिचं बिल एकट्या दावणीवर फाडता येत नाही.

ग्रामसभेनंतर मी दवाखान्यात जाऊन सांगितलं, रात्री अडलेल्या जनावराचा फोन आला तर मला बोलवा. दोन अटी घातल्या. मालकाला आधी विचारायचं, आणि त्याने हो म्हटलं तर पहिला हात विद्यार्थ्याचा. आतापर्यंत तीन फोन आले. दोन ठिकाणी होकार मिळाला. तिसऱ्या गोठ्यात, गेल्या गुरुवारी, मालक सरळ नाही म्हणाला. तो ग्रामसभेतलाच होता. मी हात घातला. वासराची मान मागे वळलेली होती, तासभर गेला. विद्यार्थी माझ्या खांद्यामागे बॅटरी धरून उभा होता, आणि आत माझ्या बोटांना काय लागतंय ते मी मोठ्याने बोलत होतो, नाकपुडी, जबडा, डोळ्याची खोबण. थोड्या वेळाने मालकही पुढे सरकून ऐकायला लागला.